घावनापेक्षा दाट, आंबोळीपेक्षा सैल

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी अंडी फोडायला घेतो. बायको रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातले दोन रविवार तरी तिची ड्यूटी असते. हिवाळ्यात ती सातच्या आत घराबाहेर पडते तेव्हा इंग्लंडमधल्या लीड्सच्या रस्त्यांवर मिट्ट काळोख असतो. मग घरात मी आणि आमची आठ वर्षांची लेक. दुपारी साडेतीनला आई दमून परत आली की ताटात काय असणार, हे लेकीने आठवडाभर आधीच ठरवलेलं असतं. भाजलेली कोंबडी, बटाटे, गाजरं आणि यॉर्कशायर पुडिंग. बाकीचं एक वेळ कमी-जास्त झालं तर ती चालवून घेते. पुडिंग मात्र फुगलंच पाहिजे.

पुडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी गोड, थरथरणारं, वाटीत गार करून ठेवलेलं येतं. या पुडिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. मैदा, अंडी, दूध आणि मीठ, एवढंच त्यात असतं. सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही, आंबवणं नाही. धूर निघेल इतक्या तापलेल्या चरबीत किंवा तेलात हे सैल पीठ ओतायचं आणि ओव्हनचं दार लावून घ्यायचं. वीस-पंचवीस मिनिटांत ते फुगून साच्याबाहेर येतं, कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, मधे खळगा पडतो. त्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची आणि खायचं. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा हा पदार्थ आता साऱ्या देशाचा झाला आहे. आमच्या कुडाळकडच्या घरात यॉर्कशायर हे नाव पहिल्यांदा ऐकू आलं ते १९९२ साली, सचिन तेंडुलकर तिथल्या संघाकडून खेळायला गेला तेव्हा. त्याच यॉर्कशायरमधल्या लीड्समध्ये आपण संसार थाटू, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आम्ही इथे आलो तेव्हा लेक नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिच्या शाळेत बुधवारी रोस्टचं जेवण असतं. एका बुधवारी घरी येऊन तिने दोन्ही हात गोल करून मला दाखवलं, एवढं मोठं, आतून पोकळ, आणि त्यात रस. आपल्या घरी का करत नाही, असं तिने विचारलं. नवा देश, नवी नोकरी, आईच्या रात्रपाळ्या. तिला देण्यासारखं माझ्या हातात त्या दिवसांत फार काही नव्हतं. हे तरी करून घालावं असं मनाने घेतलं.

तो पहिला हिवाळा एकही पुडिंग धड झालं नाही. दुकानात मैद्याच्या तीन तऱ्हेच्या पिशव्या असतात: साधा, पावासाठीचा आणि आधीच बेकिंग पावडर मिसळलेला सेल्फ-रेझिंग. मला फुगायला हवं होतं, म्हणून मी फुगवणाऱ्या नावाची पिशवी आणली. त्या मैद्याचे बुडबुडे बारीक असतात आणि पीठ साच्यात पडायच्या आधीपासूनच सुटायला लागतात. निघाल्या त्या बारा भरीव इडल्या, वरून तपकिरी. मग साधा मैदा आणला. तेव्हा साच्यातलं तेल कोमट होतं. पीठ तळाला असं चिकटलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं. पुढच्या खेपेला तेल तापवलं, पण दहाव्या मिनिटाला मन आवरेना आणि मी दार उघडून पाहिलं. डोळ्यांदेखत सगळी खाली बसली. लेक शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, हेच मला लागलं.

त्यानंतरच्या रविवारी मी तेल इतकं तापवलं की स्वयंपाकघर धुराने भरलं आणि छताचा धुराचा गजर किंचाळायला लागला. इथे घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली, लाल विटांची, एका ओळीत. दोन मिनिटांत शेजारच्या आजी दारात. ऐंशीच्या घरातल्या, जन्म लीड्सचा, उमेदीची वर्षं इथल्याच एका कपडे शिवायच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी खिडकी उघडली, गजराखाली टॉवेल हलवला आणि आवाज थांबल्यावर विचारलं, "पीठ उरलंय का?" साच्यात काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. भांड्यात तळाशी राहिलेलं पीठ चमच्याने उचललं, वरून सोडलं, ते पडताना पाहिलं. "फार दाट झालंय, लव्ह," त्या म्हणाल्या. यॉर्कशायरमध्ये दुकानदारापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात; आपल्याकडे बाबा, बाळा म्हणतात तसं.

मग किती पातळ हवं? "सिंगल क्रीमसारखं." मला सिंगल क्रीम माहीत नव्हतं. इथे दुकानात सायीचे दोन-तीन प्रकार मिळतात, त्यातली ही सैल, ओतता येईल अशी. त्यांनी भांड्यात थोडं दूध घातलं, ढवळलं, चमचा पुन्हा उचलला. पीठ चमच्याच्या पाठीवर पातळ थरासारखं राहिलं. त्यावरून त्यांनी बोट ओढलं. रेघ उमटली, क्षणभर टिकली आणि कडांनी हळूहळू मिटत गेली. "आय," त्या म्हणाल्या. आय म्हणजे हो. आमच्याकडे आजोबा त्यांच्या आईला आय म्हणायचे, त्यामुळे तो शब्द माझ्या कानात दुसऱ्याच दारातून शिरला.

त्या मिटत जाणाऱ्या रेघेकडे बघताना मला कळलं की हे पीठ मला ओळखता येतं. फक्त त्याचं नाव मी चुकीच्या भाषेत शोधत होतो.

आपल्याकडे भिजवलेल्या पिठाची केवढी तरी नावं आहेत! घट्ट, सैलसर, भज्यांसाठी दाटसर, आंबोळीसाठी पळीवाढं, धिरड्यासाठी सरसरीत, घावनासाठी ताकासारखं पातळ. पळीवाढं हा शब्द तर मला फार आवडतो. पळीने वाढता येईल असं. त्यात कप नाही, ग्रॅम नाही. हात आहे, पळी आहे आणि पळीतून पडणारी धार आहे. आईला कधी विचारलं, की पाणी किती, तर ती सांगायची, "पीठ सांगात." पीठ सांगेल. तांदूळ जुना की नवा, दळण बारीक की रवाळ, पाऊस आहे की कोरडं ऊन, यावर पाणी बदलायचं. मी घावनं आणि आंबोळ्या बघत वाढलो, आणि इथे येऊन वजनकाटा विकत घेतला. काट्याचा दोष नाही. पण मी काट्याकडे बघत होतो, पिठाकडे बघतच नव्हतो.

यॉर्कशायर पुडिंगचं पीठ आंबोळीपेक्षा सैल आणि घावनापेक्षा दाट. हे वाक्य मला ज्या दिवशी सुचलं त्या दिवसापासून माझं पीठ बिघडलेलं नाही.

आजींचं मापही सांगतो, कारण सुरुवातीला माप लागतंच. त्यांच्याकडे निळ्या रेघांचा, कान तुटलेला चहाचा जुना कप आहे. कपात अंडी फोडून घालायची. जितकी अंडी तितकंच दूध, तितकाच मैदा. सारख्या मापाने तिन्ही, वजनाने नव्हे. हा हिशोब यॉर्कशायरमध्ये पुष्कळ घरांत चालतो आणि त्यामागे शहाणपण आहे. इथे मध्यम अंडं म्हणजे कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅम, मोठं म्हणजे ६३ ते ७३. "चार अंडी" म्हटलं तर त्यात सहज चाळीस ग्रॅमचा फरक पडू शकतो. कपाने मोजलं की अंडी लहान असोत की मोठी, दूध आणि मैदा त्यांच्या मागोमाग चालतात. माझ्याकडे चार मध्यम अंड्यांचा साधारण २०० मिलिलिटरचा कप भरतो. तेवढंच दूध, आणि तोच कप मैद्याने भरला की ११०-१२० ग्रॅम बसतो. चिमूटभर मीठ. यात बारा खणांच्या साच्यातली बारा छोटी पुडिंगं होतात. आणि एवढं सगळं मोजून झाल्यावरही आजी चमचा उचलून धार बघतात, लागलं तर चमचाभर दूध आणखी घालतात. मैदा प्रत्येक पिशवीतला सारखं दूध पीत नाही.

गुठळ्यांचं म्हणाल तर पिठलं करणाऱ्याला ते शिकवायला नको. मैद्यात खळगा करून आधी फक्त अंडी घालायची आणि घोटून घट्टसर, गुळगुळीत लगदा करून घ्यायचा. मग दूध थोडं थोडं. एकदम सगळं दूध ओतलं की मैद्याचे गोळे तरंगत राहतात आणि मागे लागून फोडावे लागतात. बेसन कालवताना आई आधी अर्धी वाटीच पाणी घालायची, ते हेच.

मध्यंतरी या पदार्थाच्या जुन्या कृती वाचायला मिळाल्या आणि मी चकित झालो. १७३७ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तकात ‘ड्रिपिंग पुडिंग’ आहे. त्या काळी मांस उघड्या विस्तवासमोर भाजत, त्याची चरबी खाली ठिबकत राही. ती वाया घालवायची नाही म्हणून खाली पिठाचं भांडं. त्या कृतीत तापल्या भांड्यात लोण्याचा तुकडा टाकून पीठ घालायचं, बूड जरा तळू द्यायचं आणि मग भांडं मटणाच्या खांद्याखाली ठेवून दांड्याने सारखं हलवत राहायचं, असं सांगितलं आहे. बीफ नव्हे, मटण. पुढे दहा वर्षांनी, १७४७ साली, हॅना ग्लास या बाईने आपल्या पुस्तकात या पदार्थाला यॉर्कशायर पुडिंग म्हटलं आणि ते नाव टिकलं. घरकाम करणाऱ्या मुलींना वाचून कळावं अशा साध्या भाषेत तिने ते पुस्तक लिहिलं होतं. तिची कृती अशी: जवळजवळ लिटरभर दूध, चार अंडी, थोडं मीठ, आणि मैदा घालून पॅनकेकच्या पिठासारखं दाट पीठ करा.

मैदा किती? सांगितलेलं नाही. १७३७ च्या कृतीत तर कसलंच माप नाही, फक्त पॅनकेकसाठी करतात तसं चांगलं पीठ करा, एवढंच. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की ज्या मुलीसाठी हे लिहितो आहोत तिने पॅनकेकचं पीठ पडताना शंभरदा पाहिलेलं आहे. आईचं ‘पळीवाढं’ आणि अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं ते ‘पॅनकेकसारखं’ एकाच प्रकारचं माप आहे. जी वस्तू दरवेळी बदलते तिचा आकडा द्यायचा नाही. ती शेवटी दिसायला कशी हवी ते सांगायचं. मला हे अतिशय शास्त्रशुद्ध वाटतं. अंडी, दूध, हवा, मैदा यांच्यातले सगळे फरक त्या एका धारेत येऊन मिळतात.

आता हे फुगतं कसं? वाफेने, दुसऱ्या कशानेही नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. दूध म्हणजे बहुतांश पाणीच, अंड्याचा पांढरा भागही तसाच. तापलेल्या चरबीत पीठ पडल्याबरोबर तळाची आणि कडेची साल धरते, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि अजून ओलं असलेलं पीठ त्याच्यासमोर पडद्यासारखं ताणलं जातं. अंड्यातली प्रथिनं आणि मैद्याचा चिवटपणा तो पडदा फाटू देत नाहीत. मग उष्णतेने अंडं घट्ट होतं, भिंत उभी राहते. पीठ दाट असेल तर भिंत जड होते आणि वाफेला ती उचलवत नाही. फार पातळ असेल तर भिंतीला जोर नसतो. फुगतं, फाटतं, बसतं. मधेच दार उघडलं तर गार हवेने आतली वाफ विरते आणि न वाळलेली भिंत कोसळते. माझ्या त्या दहाव्या मिनिटाचं कोडं असं सुटलं.

आणि घावनाचंही! घावनाचा जीव त्याच्या जाळीत असतो. सणसणीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर पीठ पडलं की चर्र करून छिद्रं पडतात. तीही वाफच. पण तांदळाच्या पिठात ना अंडं, ना गव्हाचा चिवटपणा; वाफेला धरून ठेवणारं कुणी नाही. ती वाट काढून निघून जाते आणि तिच्या पावलांची जाळी मागे राहते. पुडिंगमध्ये तीच वाफ आत कोंडली जाते. (ज्यांना गहू चालत नाही ते मैद्याऐवजी कॉर्नफ्लॉर घालतात आणि तेही झकास फुगतं. म्हणजे पडदा धरण्यातला मोठा वाटा अंड्याचा.) लहानपणापासून पाहिलेल्या जाळीचं कारण मला लीड्सच्या ओव्हनच्या काचेतून कळावं, याचा मला मनापासून आनंद झाला. तव्यावर पाण्याचा थेंब नाचला पाहिजे, मगच पीठ, ही आईची ताकीद आणि तेलावर धुराची रेघ दिसली पाहिजे, मगच पीठ, ही आजींची ताकीद, दोन्ही एकाच वाफेसाठी आहेत.

पीठ मुरण्याबद्दल इथे दोन मतं आहेत. काही जण केलं की लगेच ओततात आणि त्यांचंही फुगतं. माझं मत मात्र ठाम आहे: निदान तासभर, जमलं तर जास्त. मैद्याचा कण न् कण दूध पिऊन फुगतो, घोटताना ताठरलेलं पीठ सैल पडतं, वरचा फेस बसतो. शनिवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिठाची पुडिंगं जास्त खमंग आणि जास्त लालसर होतात, हे मी अनेकदा ताडून पाहिलंय. ते ओव्हनच्या तासभर आधी बाहेर काढायचं आणि ओतण्यापूर्वी तळापासून ढवळायचं, कारण मैदा खाली बसतो. घावनाचं पीठ दर पळीला ढवळतात तसं. मुरलेलं पीठ जरा दाट झालेलं असतं, तेव्हा धार पुन्हा बघायची.

चरबीचा प्रश्न आपल्या घरांत येणारच. इथली परंपरा बीफ ड्रिपिंगची, म्हणजे गोमांस भाजताना गळणारी चरबी. आमच्याकडे ते चालत नाही. सूर्यफुलाचं तेल चांगलं काम करतं. त्याला स्वतःची चव नाही आणि ते भरपूर ताप सोसतं. लोणी नको, कारण त्यातला दुधाचा अंश करपून काळा पडतो. पण लोणी कढवून तो अंश काढून टाकला की उरतं ते साजूक तूप, आणि त्याला एवढा ताप सहज झेपतो. एका रविवारी मी प्रत्येक खणात अर्धा चमचा तूप घातलं. वास घरभर पसरला, कडांना बिस्किटासारखा खमंगपणा आला. आजींनी एक खाल्लं, थांबल्या, दुसरं उचललं. आता दिवाळीच्या आसपासच्या रविवारी आमच्याकडे तुपातलीच होतात.

आपल्या कडकडीत मोहनाशी याची गल्लत करू नका, मी केली होती. शंकरपाळ्यात किंवा भज्यांत गरम तेल पिठात घालतात, त्याने खुसखुशीतपणा येतो. इथे पिठात तेलाचा थेंब नको. सगळा ताप साच्यात. २२० अंशांवर, पंख्याचा ओव्हन असेल तर २०० वर, रिकाम्या साच्यात तेल घालून दहा मिनिटं तरी ठेवायचं. मग पळी नव्हे, चोच असलेलं भांडं घ्यायचं, कारण बारा खण भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागता कामा नये.

तो अर्धा मिनिट मला सगळ्या आठवड्यात सर्वांत प्रिय आहे. साचा बाहेर काढला की तेलाचा पृष्ठभाग हलत असतो, त्यावर पाण्यावरच्या वाऱ्यासारख्या बारीक सुरकुत्या पळत असतात आणि कडेने धुराची एक निळसर रेघ निघते. भांडं वाकवायचं. पिवळसर धार तेलात शिरते, तेल तिला वाट करून देतं आणि कडेने वर चढतं. चुर्र असा आवाज येतो, तो खणाखणाने पुढे सरकतो. पहिल्या खणातलं पीठ शेवटचा खण भरायच्या आतच कडेला पांढरं पडून झालरीसारखं मुडपायला लागतं. खण अर्ध्याहून कमीच भरायचा. मग साचा आत, दार बंद, आणि लेक काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसते. आतला दिवा लागलेला असतो. बारा-तेरा मिनिटं झाली की पहिलं डोकं वर येतं आणि ती ओरडते.

किती फुगायला हवं याचाही इथे वाद आहे. २००८ साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने जाहीर केलं की चार इंचांपेक्षा कमी उंचीचं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. मी ती उंची गाठायचा प्रयत्न बराच काळ केला. दोन अंड्यांचे जास्तीचे पांढरे घातले, थोडं दूध कमी करून पाणी घातलं. दोन्हींनी उंची आणि कुरकुरीतपणा वाढतो, हे खरं. पण आजींनी एकदा त्यांच्या लहानपणाचं सांगितलं आणि माझं मन पालटलं. घरात सात माणसं, मांसाचा तुकडा लहान. आई मोठ्या चौकोनी पत्र्याच्या साच्यात एकच पुडिंग करायची, फक्त कडा फुगलेल्या, मधला भाग मऊ, जाडसर. ते चौकोन कापून मांसाच्या आधी ग्रेव्हीबरोबर वाढायचे. जो जास्त पुडिंग खाईल त्याला मांस जास्त, असं मुलांना सांगायचे; आणि मुलं पुडिंग खाऊनच निवायची. उरलेल्या चौकोनावर दुसऱ्या दिवशी जॅम किंवा काकवीसारखा पाक. हॅना ग्लासच्या लिटरभर दुधाला चारच अंडी, तीही चार इंच फुगली नसणार. पोट भरण्यासाठी निघालेला पदार्थ आहे हा. उंचीवर त्याची परीक्षा करणं मला पटत नाही.

याच पिठाची भावंडं पुष्कळ. साच्यात आधी सॉसेज परतून त्यावर पीठ ओतलं की टोड इन द होल. अमेरिकेत पॉपओव्हर, आणि लोखंडी तव्यात ओव्हनमध्ये फुगवलेलं डच बेबी, त्यावर लिंबू आणि पिठीसाखर. फ्रान्समधलं चेरी घालून भाजलेलं क्लाफुती थोडं गोडसर आणि दाट. आणि ओव्हन नसेल तर तव्यावर पॅनकेक. आपणही आंबोळीचं उरलेलं पीठ अप्पेपात्रात घालतोच की.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई आली होती. पहिल्याच रविवारी ती ओट्याशी येऊन उभी राहिली. मी पीठ केलं होतं, आजी नेहमीप्रमाणे कपभर चहाला आल्या होत्या. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठीचा गंध नाही. आईने न विचारता पळी घेतली, पीठ उचललं, सोडलं. पुन्हा उचललं. "घावनाक दाट जाता, आंबोळेक पातळ," ती म्हणाली, "ह्या कित्याचा पीठ?" मी इतक्या महिन्यांनी जे वाक्य शोधून काढलं होतं, ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. मी आजींना त्याचा अर्थ सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, कळलं. मग त्यांनी पळी आईच्या हातातून घेतली, धार पाहिली आणि दुधाच्या बाटलीकडे बोट केलं. आईने मान हलवली आणि बोटाच्या पेराएवढं अंतर दाखवलं, वायच. तेवढंच घातलं.

पुडिंगं झाल्यावर आईने ग्रेव्हीचा वास घेतला आणि भांडं बाजूला सारलं. आदल्या रात्रीचं कोळंबीचं सुकं उरलं होतं. ते गरम करून तिने खळग्यात भरलं, कड मोडली, मसाल्याला लावली, खाल्लं. बराच वेळ काही बोलली नाही. मग ताट पुढे केलं. "आणखी एक दी."

आता आजींची मनगटं दुखतात, मोठं भांडं घोटणं त्यांना होत नाही. त्यामुळे दोन्ही घरांचं पीठ मीच करतो, आठ अंड्यांचं. अकराला अंडी फोडतो, बाराला पीठ तयार होतं, आणि लेक अर्धं पीठ चोचीच्या भांड्यात घेऊन, वर ताटली झाकून, दोन्ही हातांनी धरून शेजारी जाते. सांडू नये म्हणून फुटपाथवर पावलं मोजत चालते. दारात आजी ताटली उचलतात, चमचा बुडवून वर काढतात. मी आमच्या दारातून बघत असतो. पीठ पडतं. लेक आजींच्या तोंडाकडे बघते.

"आय," आजी म्हणतात.

कधीकधी म्हणत नाहीत. मग लेक दूध न्यायला धावत परत येते.